अटकेच्या कागदावर एक प्रश्न कमी आहे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशातल्या तुरुंगांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. ३१ डिसेंबर २०२२ रोजी आपल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी, म्हणजे तुरुंगाच्या बोलीत ‘कच्चे कैदी’. त्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबित झालेला नव्हता. याच अहवालात एक लहानसा तक्ता आहे: १,५३७ स्त्रिया मुलांसह तुरुंगात होत्या आणि त्यांच्याजवळ १,७६४ मुलं होती. आईच्या कडेवरून आत गेलेलं मूल असं नीट मोजलं जातं, कारण त्याला दूध लागतं, लस लागते, त्याचं नाव रजिस्टरात चढवावं लागतं.

आता या पावणेसहा लाख माणसांची बाहेर राहिलेली मुलं किती, हे त्या अहवालात शोधून पाहा. सापडत नाही. कैद्याचं वय, शिक्षण, धर्म, जात, कलम, किती महिने आत आहे, या सगळ्याचे तक्ते आहेत. त्याला मुलं किती, ती कुठे आहेत, कोण सांभाळतं, याला रकानाच नाही. बहुतेक कैदी कमावत्या वयाचे पुरुष आहेत. तेव्हा बाहेर राहिलेल्या मुलांची संख्या आतल्या १,७६४ च्या कितीतरी पट असणार, हे कळायला पाहणीची गरज नाही.

माझं म्हणणं असं आहे: सरकार जेव्हा एखाद्या माणसाला घरातून उचलून नेतं, तेव्हा त्याच्या मुलांची काही जबाबदारी त्याच क्षणी सरकारवर येते. घरातली कमावती किंवा सांभाळणारी व्यक्ती सरकारने आपल्या अधिकारात नेलेली असते; मग मागे राहिलेल्यांचं काय, हे विचारणं हा त्याच अधिकाराचा भाग आहे. त्यात दयेचा संबंध नाही. आणि मूल उचलून संस्थेत ठेवलं की ही जबाबदारी संपते, असंही नाही. शक्य असेल तिथवर ते घर उभं ठेवणं, मूल आणि आत गेलेलं माणूस यांच्यातला धागा तुटू न देणं, हे तिचं खरं रूप.

अटकेबाबतचा आपला कायदा तसा ओसाड नाही. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेची पद्धत ठरवून दिली. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नुसार अटक झाल्याची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला द्यावी लागते. हे फार मोलाचं आहे, पण त्यामागचा हेतू अटक झालेल्या माणसाच्या रक्षणाचा आहे: तो कुठे आहे हे कोणाला तरी ठाऊक असावं, कोठडीत त्याचं बरंवाईट होऊ नये. ‘घरी तुझ्यावर अवलंबून कोण आहे? त्यांच्याजवळ आज रात्री कोण असेल?’ हा प्रश्न अटकेच्या कागदावर नाही. चांगला फौजदार तो आपणहून विचारतो, शेजाऱ्यांना हाक मारतो, कधी १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकाला फोनही करतो. पण ते त्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहतं.

समजा, एका बाईला चोरीच्या गुन्ह्यात अटक झाली. नवरा वारलेला. घरी चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ व चार वर्षांचे दोन मुलगे. धाकटा सहाच्या आतला, म्हणून तो आईसोबत आत जाऊ शकतो. नऊ वर्षांच्याला मामा घेऊन जातो, कारण मुलगा आहे, उद्या कामाला येईल. मुलगी चुलतीकडे जाते आणि पंधरा दिवसांत तिची शाळा सुटते. चुलतीच्या घरी स्वयंपाक आणि भांडी तिच्याकडे येतात. तीन भावंडं तीन दिशांना गेली. ही वाटणी कोणत्याही समितीने केली नाही, कोणत्याही न्यायाधीशाने तिच्यावर सही केली नाही. एवढा मोठा निर्णय झाला आणि त्याचा कागद कुठेही नाही. पुढे वर्षभराने आई सुटली, तरी ही तीन मुलं परत एका छताखाली येतील याची शाश्वती नाही, कारण दरम्यान भाड्याची खोली गेलेली असते.

बरं, ही बाई आत किती दिवस राहील? जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत अडकून पडलेल्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत घेतली. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. सुरुवातीच्या नियमांनुसार तिच्यातून कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि पक्क्या कैद्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती. पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडावं, असं नव्या संहितेचं कलम ४७९ सांगतं. तीन वर्षांच्या गुन्ह्यात एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. प्रौढ माणसाच्या हिशेबात ही सवलत आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या हिशेबात ते चौथीचं अख्खं वर्ष आहे. म्हणून जामिनाच्या अर्जावर विचार करताना घरी लहान मुलं आहेत का, ही माहिती न्यायाधीशासमोर असायलाच हवी. ती आज असते ती वकिलाला सुचलं तर.

याबाबत एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयासमोर २००७ साली एका आईचं प्रकरण आलं. फसवणुकीच्या गुन्ह्यात तिला तुरुंगवास झाला होता आणि तीन मुलांना सांभाळणारी ती एकटीच होती. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी लिहिलेल्या निकालात तिचा गुन्हा कमी लेखलेला नाही. पण मुलांची मुख्य सांभाळकर्ती व्यक्ती तुरुंगात धाडताना मुलांचं काय होईल, हे शिक्षा ठरवणाऱ्याने स्वतंत्रपणे तपासलं पाहिजे, असं त्यात ठरवलं, आणि त्या बाईची उरलेली शिक्षा तुरुंगाबाहेर देखरेखीखाली भोगायची अशी बदलली. आपल्याकडे गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याची सोय करणारा १९५८ चा परिविक्षा कायदा आहे, परिविक्षा अधिकारी आहेत, न्यायालयाला त्यांचा अहवाल मागवता येतो. किरकोळ गुन्ह्यांत तरी त्या अहवालात मुलांवर एक परिच्छेद असावा, एवढं करायला कोणाची हरकत असावी?

मुलांबाबत आपल्या न्यायालयांनी काहीच केलं नाही असं मात्र नाही. आर. डी. उपाध्याय खटल्यात १३ एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आईसोबत राहणाऱ्या मुलांसाठी सविस्तर नियम घालून दिले. मुलाला कैदी मानायचं नाही. अन्न, औषध, कपडे, शिक्षण, खेळ हा त्याचा हक्क. तुरुंगात जन्मलेल्याच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहायचा नाही. सहा वर्षं पूर्ण झाली की आईच्या इच्छेनुसार त्याला योग्य व्यक्तीकडे किंवा संस्थेत द्यायचं, शक्यतो त्याच शहरात, आणि आईशी आठवड्यातून एकदा तरी भेट घडवायची. या निकालाने आतल्या मुलांचं आयुष्य खरोखर सुधारलं. पण नीट पाहिलं तर त्याचं लक्ष तुरुंगाच्या भिंतीच्या आत आहे. मूल सहा वर्षांचं होऊन भिंतीबाहेर पडलं की ते पुन्हा त्या न मोजलेल्या गर्दीत मिसळतं. सहाव्या वाढदिवसाच्या आसपास आईपासून वेगळं होणाऱ्या मुलाची आधी काही महिने तयारी करून घेणं, पुढच्या घराशी त्याची हळूहळू ओळख करून देणं, हे काम कोणाचं, हे आजही व्यवस्थेत स्पष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांत याचं उत्तर आहे. स्त्रीला तुरुंगात दाखल करण्याआधी मुलांची सोय लावायला वाव द्या, गरज पडली तर काही काळ तुरुंगवास पुढे ढकला, आणि दाखल करताना तिच्या सगळ्या मुलांची, बाहेरच्या मुलांचीसुद्धा, नावं, वयं आणि ती कोणाच्या ताब्यात आहेत हे नोंदवा. वडिलांच्या बाबतीत हे का करू नये, हे मला कळत नाही.

पैशाचा प्रश्न याहून अवघड आहे, पण तिथेही व्यवस्थेत जागा आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ४५ प्रायोजकत्वाबद्दल आहे: मूल घरातच राहावं म्हणून कुटुंबाला दरमहा रक्कम. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली ती ४,००० रुपये आहे. महाराष्ट्राची स्वतःची बालसंगोपन योजना, म्हणजे आताची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये देते. त्याआधी रक्कम ११०० होती. कलम ४५ मध्ये मात्र मदतीला पात्र म्हणून ज्या परिस्थिती नावानिशी लिहिल्या आहेत त्या अशा: आई विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता असणं, मूल अनाथ असून नातेवाइकांकडे असणं, आई-बापांना जीवघेणा आजार असणं, अपघाताने ते अधू झालेले असणं. तुरुंग त्यात नाही. कलमाची भाषा अशी आहे की दुसरी कारणंही त्यात बसू शकतात. पण तालुक्याच्या पातळीवर बसलेला कर्मचारी जे नावानिशी लिहिलंय तेच पाहतो, आणि त्याला दोष देता येत नाही. उद्या लेखापरीक्षणात प्रश्न त्यालाच विचारला जाणार. दिल्ली सरकारने २०१४ मध्ये तुरुंगातल्या पालकांच्या मुलांसाठी वेगळी योजना काढली, तेव्हा हे कारण नावानिशी लिहिलं गेलं. आपल्या राज्यानेही प्रायोजकत्वाच्या निकषांत ‘कमावता किंवा सांभाळणारा पालक तुरुंगात’ हे शब्द स्पष्टपणे घालावेत, कच्चा-पक्का असा भेद न करता. बापावर खटला चालू आहे की निकाल लागलाय, यावर मुलाची भूक ठरत नाही.

हे पैसे आजी, मामा, काकू, ज्याने मूल ठेवून घेतलंय त्याच्या हातात वेळेवर पडले, तर आपल्या गोष्टीतल्या मुलीची शाळा कदाचित सुटत नाही. चुलती दुष्ट आहे म्हणून ती शाळेतून निघाली असं आपण चटकन धरून चालतो. बहुतेक वेळा चुलतीचं स्वतःचंच भागत नसतं. नातेवाइकांना पैसे दिले तर ते मूल पैशासाठीच ठेवतील, अशी शंका घेतली जाते. काही घरी तसं होईलही, म्हणून तर भेटी देणारी सामाजिक कार्यकर्ती लागते. पण त्या भीतीने सगळ्याच आज्यांना रिकाम्या हाती ठेवायचं, याला काय अर्थ आहे?

आत गेलेल्या माणसालाही घरासाठी काही करता यावं, ही कल्पना आपल्याकडे थोडी रुजू लागली आहे. १ मे २०२२ पासून येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू झाली. राज्य सहकारी बँकेकडून पक्क्या कैद्याला ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याजाने, आणि फेड तुरुंगातल्या त्याच्या मजुरीतून. रक्कम मोठी नाही. पण मुलीच्या फीसाठी बापाने आतून पैसे पाठवले, ही गोष्ट त्या मुलीच्या मनात काय करत असेल, याचा विचार करा. बाप फक्त लाजेचं कारण उरत नाही, तो पुन्हा बाप होतो.

कागदांचा जाच मात्र कोणी फारसा मांडत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जावर पालकाची सही लागते. उत्पन्नाचा दाखला पालकाच्या नावे. जातीच्या दाखल्याला वडिलांकडचे पुरावे. बँकेचं खातं, शस्त्रक्रियेची संमती, दहावीचा फॉर्म. बाप जिवंत आहे म्हणून आजीला पालक मानत नाहीत, आणि बाप सही करू शकत नाही कारण तो आत आहे. त्याची सही तुरुंगात जाऊन आणायची म्हणजे अर्ज, परवानगी, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. निराधार मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीने अशा मुलासाठी तात्पुरत्या पालकाचं एक पत्र द्यावं आणि सगळ्या सरकारी कचेऱ्यांनी ते मान्य करावं, एवढ्याने हा जाच बराच कमी होईल. पैशाचं काम होईल तेव्हा होईल, हे तरी लगेच करता येण्यासारखं आहे.

आता भेटीबद्दल. तुरुंगातली मुलाखत म्हणजे अनेक ठिकाणी काच, जाळी, फोनचा रिसीव्हर आणि मोजकी मिनिटं. पाच वर्षांच्या मुलाला काचेपलीकडचा बाप म्हणजे काय हे समजत नाही. त्याला बापाचा हात लागतो. महाराष्ट्रातल्या काही मध्यवर्ती कारागृहांनी ‘गळाभेट’ नावाने कैद्यांची मुलांशी जाळीविना भेट घडवली, आणि त्या अधिकाऱ्यांचे मनापासून आभार मानले पाहिजेत. पण तो उपक्रमच राहिला. अधीक्षक बदलला की थांबू शकणारी गोष्ट मुलाचा हक्क होऊ शकत नाही. शनिवार-रविवारी, शाळा नसताना, मुलांसाठी वेगळी भेट. ई-मुलाखतीच्या वेळा शाळेच्या वेळेबाहेर. दूरच्या जिल्ह्यातून येणाऱ्या मुलाला आणि त्याच्या सोबत्याला प्रवासखर्च. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत सामाजिक कार्यकर्ते पाठवतो. घर आणि तुरुंग यांच्यामध्ये ये-जा करणारं एक माणूस असलं की किती गोष्टी सुटतात, हे अशा कामातून दिसून आलं आहे. ते माणूस प्रत्येक जिल्ह्यात सरकारी पगारावर असलं पाहिजे.

आणि याहून पुढची गोष्टही आपल्या घरचीच आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये ही खुली वसाहत सुरू केली, आणि तिथे कैदी आपल्या कुटुंबासह राहून शेती करू शकतो. राजस्थानात सांगानेरच्या खुल्या शिबिरातही कैदी बायकापोरांसोबत राहतात, दिवसा कामाला जातात आणि संध्याकाळी हजेरी देतात. ज्यांच्यापासून समाजाला धोका नाही अशा कैद्यांसाठी हे शक्य आहे, हे आपल्याच देशात सिद्ध होऊन कैक दशकं झाली. तरी अशा जागा इतक्या थोड्या का, याचं उत्तर गृहखात्याने द्यायला हवं.

कधीकधी घर उरतच नाही. नातेवाईक नाहीत, असले तर ठेवून घ्यायला तयार नाहीत, किंवा ते घर मुलासाठी सुरक्षित नाही. तेव्हा बालगृहापेक्षा पालक कुटुंब, म्हणजे फॉस्टर केअर, बरं, यात मला शंका नाही. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही पालक होण्याची मुभा दिली, हे चांगलं झालं. पण कैद्याच्या मुलाच्या बाबतीत एक सावधगिरी फार जरुरीची आहे. त्याचे आई-बाप मेलेले नाहीत. त्यांनी त्याला सोडूनही दिलेलं नाही. अमेरिकेत फॉस्टर केअरची व्यवस्था आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आणि जुनी आहे, आणि तिथे १९९७ च्या एका केंद्रीय कायद्याने नियम केला की मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये असेल, तर आई-बापांचे हक्क संपवण्याचा अर्ज राज्याने सहसा न्यायालयात करावा. मुलं वर्षानुवर्षं अधांतरी राहू नयेत, हा हेतू चांगला होता. पण दोन-तीन वर्षांची शिक्षा झालेल्या आईसाठी हे घड्याळ शिक्षेपेक्षा वेगाने धावतं. तुरुंगवास ही तिची शिक्षा होती. मूल कायमचं गमावणं न्यायाधीशाने कधी सुनावलंच नव्हतं. न्यूयॉर्कसारख्या राज्याला २०१० मध्ये अशा पालकांसाठी अपवाद करावा लागला.

आपला कायदा या बाबतीत अधिक शहाणा आहे. बाल न्याय अधिनियमाचं कलम ४४ म्हणतं की आई-बाप असमर्थ ठरल्यामुळे मूल पालक कुटुंबात ठेवलं असेल, तर त्यांना मुलाला ठराविक काळाने भेटता यावं आणि ते पुन्हा समर्थ झाले की मूल घरी जाऊ शकतं. अडचण एवढीच, की या कलमाने पालक मोकळा आहे असं धरलंय. तुरुंगातली आई पालक कुटुंबाच्या दारी कशी जाणार? मुलाला तिच्याकडे न्यावं लागेल, आणि कोण नेणार हे समितीच्या आदेशातच लिहावं लागेल. दुसरा धोका याहून मोठा आहे. सापडलेल्या मुलाच्या पालकांचा शोध घेऊन ते मिळाले नाहीत तर समिती त्याला दत्तकासाठी मोकळं ठरवू शकते. दोन वर्षांखालच्या मुलासाठी ही मुदत दोन महिने आणि त्यावरच्यासाठी चार महिने आहे. या शोधासाठी दिलेली वर्तमानपत्रातली जाहिरात तुरुंगातल्या, अक्षरओळख नसलेल्या आईपर्यंत पोहोचेल ही आशा करणं गैर आहे. असा आदेश काढण्याआधी तुरुंगांच्या नोंदी तपासल्याचा दाखला सक्तीचा असायला हवा. तुरुंगांच्या नोंदी आता संगणकावर आहेत. हे अशक्य नाही.

‘अशा घरातून मूल काढलेलंच बरं’ हा विचार आपल्या इतिहासात एकदा कायदा होऊन गेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि १८९७ च्या दुरुस्तीने त्यांची मुलं आई-बापांपासून काढून सुधारगृहात ठेवायची सोय केली. या जमातींना डांबून ठेवणारी सोलापूरची सेटलमेंट आजही लोकांच्या आठवणीत आहे. कायदा १९५२ मध्ये गेला. पण पारध्याच्या पोराकडे शाळेत आणि चौकीत कसं पाहिलं जातं, हे महाराष्ट्राला सांगायला नको. म्हणून अटकेच्या वेळी मुलांची माहिती विचारा असं म्हणताना मला एक अट घालावीशी वाटते: ती माहिती पोलीस ठाण्यात राहू नये. चोवीस तासांत ती जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावी, आणि तिचा उपयोग मुलाला मदत पोहोचवण्यापलीकडे कशासाठीही करायला कायद्याने बंदी असावी. ही अट पाळता येणार नसेल, तर विमुक्त समाजातले लोक हा प्रश्न ऐकून मुलं लपवतील, आणि ते बरोबरच करतील.

यावर सगळ्यात जोरकस आक्षेप बळी पडलेल्यांच्या बाजूने येतो: ज्याचा खून झाला त्याच्या पोरांना कोण विचारतं, आणि तुम्ही खुन्याच्या पोरांना पैसे द्यायला निघालात. हा आक्षेप रागातून येतो आणि तो राग खरा आहे. बळी पडलेल्यांसाठी कायद्यात नुकसानभरपाई आहे, पण ती वेळेवर आणि पुरेशी मिळत नाही, ही तक्रार अगदी रास्त आहे. तिची तड लागलीच पाहिजे. मात्र एका मुलाचं न्याय्य देणं थकलंय म्हणून दुसऱ्या मुलाला उपाशी ठेवलं, तर पहिल्याला त्यातून काही मिळत नाही. दोघांनीही काही केलेलं नाही.

आणि काही घरांत तर ती दोन्ही मुलं एकच असतात. बापाने आईचा जीव घेतलेला, बाप आत, आणि मुलांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं. आजोळ म्हणतं, पोरं आमची. बापाकडचे म्हणतात, आमची. त्यांना पोरं हवी असतात, आणि कधी कधी पोरांनी न्यायालयात काय साक्ष द्यावी हेही त्यांना हवं असतं. इथे ‘धागा टिकवा’ असं मी डोळे झाकून म्हणणार नाही. अशा मुलावर बापाची भेट लादणं क्रूरपणा होईल. बापाने मुलावरच अत्याचार केला असेल तर तसा प्रश्नच उद्भवत नाही. साक्ष व्हायची असेल तोवर मूल बापाच्या नातेवाइकांच्या ताब्यात असू नये. मुलाला भेटायचंय की नाही, हे त्याला शांतपणे, पुन्हा पुन्हा, वय वाढेल तसं विचारावं लागतं. आठव्या वर्षी नकार देणारं मूल पंधराव्या वर्षी स्वतःहून बापाला प्रश्न विचारायला जाऊ शकतं. यासाठी समुपदेशक हवा, आणि तो एका भेटीपुरता नको. माझा आग्रह धाग्याचा आहे तो मुलाच्या बाजूने. पालकाचा हक्क म्हणून नव्हे.

अशी मुलं मोठी होतात, तेव्हा व्यवस्था त्यांच्याकडे पाठ फिरवते. बालगृहातल्या मुलाने अठरा पूर्ण केली की बाहेर पडायचं. त्यानंतर अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे: एकवीसपर्यंत, विशेष परिस्थितीत तेवीसपर्यंत. पण बाल न्याय अधिनियमाचं कलम ४६ म्हणतं की अशी मदत ‘देता येईल’. ती द्यावीच लागेल असं त्यात नाही. आणि मुलगे-मुली सगळ्यांना पुरतील इतकी अनुरक्षणगृहं कुठेही नाहीत. सरकारी नोकरीत आणि शिक्षणात अनाथांसाठी महाराष्ट्राने २०१८ मध्ये एक टक्का समांतर आरक्षण दिलं, ते फार मोठं पाऊल होतं. कैद्याचं मूल त्यात बसत नाही, कारण ते अनाथ नाही. बारा वर्षं संस्थेत काढली, सुट्टीत जायला घर नव्हतं, तरी जन्मठेपेचा बाप कुठेतरी जिवंत आहे म्हणून दाखला नाही.

त्याहून विसरलेला गट घरी राहिलेल्यांचा आहे. आईला अटक झाली तेव्हा चौदाची असलेली ती मुलगी आठवा. समजा ती चुलतीकडे गेलीच नाही, धाकट्या भावाला घेऊन त्याच खोलीत राहिली, शेजाऱ्यांच्या आधाराने दहावी झाली, मग एका दुकानात लागली, खोलीचं भाडं भरलं, तारखेला न्यायालयात गेली, मुलाखतीला तुरुंगात गेली. तिने सरकारचा एक रुपया घेतला नाही, संस्थेतली एक जागा अडवली नाही. जे काम सरकारचं होतं ते तिने केलं. अठराव्या वर्षी अनुरक्षणाची मदत मागायला गेली, तर तिला सांगतील की ती फक्त संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे घर टिकवलं म्हणून ती अपात्र. राज्याला हे शासन निर्णयाने दुरुस्त करता येईल: वयाच्या अठराआधी ज्याचा सांभाळकर्ता पालक ठराविक काळाहून अधिक तुरुंगात होता, अशा प्रत्येक मुलामुलीला संस्थेचा दाखला न मागता तेवीसपर्यंत दरमहा मदत, शिक्षणाची फी आणि शहरात शिकायला आल्यास वसतिगृहात प्राधान्य. आणि धाकट्या भावंडांना सांभाळत असेल, तर त्या भावंडांचे प्रायोजकत्वाचे पैसे थेट तिच्या खात्यावर, ती स्वतः एकोणीस वर्षांची असली तरी.